आधी सोडायची मेंढी

गोजरबाईंच्या घरात शब्द एकच चालत असे, आणि तो गोजरबाईंचा. वालचंदनगरच्या अलीकडे, कळंबच्या शिवारात त्यांची वस्ती आहे. सासऱ्यांच्या काळी दसरा झाला की घोड्यांवर बिऱ्हाड लादून कळप कोकणाकडे उतरत असे. आता त्याच घराण्याचा ऊस कारखान्याला जातो, गोठ्यात जर्सी गाई आहेत आणि दारात ट्रॅक्टर उभा असतो. कळप मोडायचे ठरले ते त्यांनी ठरवले, आणि त्यातल्या वीसएक मेंढ्या ठेवायच्या, हेही त्यांनीच ठरवले. थोरला मुलगा सिद्धू दुधाची गाडी चालवतो. धाकटा मल्हार शेती आणि मेंढ्या पाहतो. आता या मेंढ्यांचा उपयोग तरी काय, असे सिद्धूने आयुष्यात एकदाच विचारले होते. त्यावर गोजरबाई म्हणाल्या होत्या, की उपयोग पाहून ठेवायचे झाले तर आधी तुझाच विचार करावा लागेल.

मल्हारची मुलगी श्रेया, घरातली छकुली, पुण्यात एका प्रयोगशाळेत संशोधन करत असे. ती नेमके काय करते हे घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. गेल्या दिवाळीत, ओट्यावर बसून करंज्या खाता खाता, तिने ते आजीला समजावून सांगितले. जखमेतून जंतू रक्तात शिरले की शरीर त्यांच्यावर आग घेऊन धावते. औषधाने जंतू मरतात, पण कधी कधी लागलेली आग विझत नाही, आणि मग ती शरीराचेच मूत्रपिंड, फुप्फुस, काळीज जाळू लागते. पाचट पेटवावे, पेटवणारा निघून जावा आणि जाळ शेजारच्या उभ्या उसात शिरावा, तसे ते असते. शरीर स्वतःच चरबीच्या जातीचे काही बारीक रेणू तयार करते आणि त्यांचे काम एवढेच, की आता पुरे, विझवा, असा निरोप द्यायचा. आजारी माणसाच्या शरीरात तो निरोप पोचत नाही. छकुली आणि तिचे सोबती तसलेच रेणू बाहेर तयार करून पाहत होते.

“चरबीचं अवशिद म्हंजे मटणाच्या रश्श्यावरचा तवंगच की,” सिद्धू म्हणाला. “मग मी जन्मभर निरोगी ऱ्हानार.”

सगळे हसले. गोजरबाई हसल्या नाहीत. त्यांना उसातला जाळ पुरता कळला होता. छकुलीने दोनदा बजावून सांगितले, की हे अजून फक्त उंदरांवर चालले आहे. पण उंदरावरून माणसावर यायला असा कितीसा वेळ लागणार, असे गोजरबाईंनी मनाशी ठरवले, आणि पुढच्या आठवड्यात बिरोबाच्या देवळात, शेजारच्या वस्तीवरची दगडाबाई आपल्या नातवाच्या नोकरीचे कौतुक सांगत असताना, त्यांनी सर्व बायांच्या देखत जाहीर केले, की आमच्या छकुलीने रक्तात चढलेल्या विषावर औषध काढले आहे. देवळात सांगितलेली गोष्ट गावभर व्हायला वेळ लागत नाही.

माघात मेंढ्यांची कातरणी निघाली. नात्यातली चार माणसे हाताशी आली, बिरोबाच्या नावाने भंडारा उधळला गेला, आणि अंगणात लोकरीचे ढीग पडू लागले. मल्हारने एक दांडगी मेंढी मांडीखाली दाबली होती. तिने अचानक लाथ झाडली आणि कातरीचे टोक मल्हारच्या पोटरीत शिरले. जखम खोल होती, पण तोंडाशी लहान होती. गोजरबाईंनी देवळीतली डबी आणून ती भंडाऱ्याने गच्च भरली. त्या घरात माणसाची जखम असो की मेंढीची, तीन पिढ्या याच हळदीने भरली गेली होती आणि भरून आली होती. त्यात नवे काही नव्हते.

मल्हारही घरी बसणारा गडी नव्हता. दुसऱ्याच दिवशी तो उसाला पाणी द्यायला चिखलात उभा राहिला. संध्याकाळी परत आला की आई पाय धुऊन, वर ताजा भंडारा भरत असे. जुन्यावर नवा, नव्यावर आणखी नवा, अशी गुडघ्यापर्यंत पिवळी पुटे चढत गेली. ताप आला तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पायाचे विचारल्यावर मल्हारने पायजमा अर्धवट वर केला आणि कोरडे आहे म्हणून सांगितले. कोरडे ते होतेच. मग एका सकाळी त्याने आपल्या बायकोला, बायडाला, आई म्हणून हाक मारली. त्याचा श्वास धापा टाकल्यासारखा चालला होता, हात गार पडले होते, आणि आदल्या दिवसापासून लघवी झालेली नव्हती. सिद्धूने गाडीतले दुधाचे कॅन भराभर खाली उतरवले आणि त्या जागी भावाला आडवे घातले.

कारखान्याचा हंगाम जोरात होता. जंक्शन गावापासून भवानीनगरपर्यंत उसाच्या दुहेरी ट्रॉल्या रस्ता धरून चालल्या होत्या आणि सिद्धूचा हात हॉर्नवरून निघत नव्हता. गोजरबाई मागे मल्हारचे डोके मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बारामतीच्या इस्पितळात शिरताना त्यांनी पदर नीट केला, आणि दारातल्या माणसाला, माझ्या लेकाला आधी आत घ्या, असे अशा आवाजात सांगितले की त्याने खरोखरच घेतले.

आत एका परिचारिकेने मल्हारचा पाय धुतला. पिवळे पाणी खाली तबकात वाहू लागले आणि त्याखालची कातडी उघडी पडली. ती पिकल्या जांभळाच्या रंगाची होती, आणि तिच्यातून काळसर रेघा मांडीपर्यंत चढल्या होत्या. ते सारे भंडाऱ्याखाली झाकलेले होते. डॉक्टर सुयोग, तिशीतला शांत माणूस, खाली वाकून पाहत राहिला आणि त्याने विचारले, की हे कधीपासूनचे आहे.

“कातरणीपासनं,” गोजरबाई म्हणाल्या.

डॉक्टरने मान हलवली, बस. तो रागावला असता तर त्यांना सोपे गेले असते.

संध्याकाळच्या आत छकुली पुण्याहून आली. तोवर मल्हारचा पाय शस्त्रक्रिया करून उघडला होता, जंतूंवरची औषधे शिरेतून चालली होती, आणि मूत्रपिंडांनी काम टाकल्यामुळे रक्त यंत्रातून गाळून घेणे सुरू झाले होते. हा सेप्सिस आहे, असे डॉक्टरने सर्वांना एकत्र बसवून सांगितले. संसर्गावर औषध लागू पडते आहे असे दिसते, पण शरीरातली आग अजून चालू आहे. ती कोणते अवयव किती जाळील, हे आज सांगता येणार नाही. आग हा शब्द त्याने आपल्या मनानेच वापरला. गोजरबाईंनी तो ऐकला आणि मान वळवून छकुलीकडे पाहिले.

छकुली काचेतून बापाच्या उशाशी असलेले आकडे वाचत होती. घरातल्या कोणाला त्या आकड्यांचा अर्थ लागत नव्हता. तिला लागत होता, आणि तो तिच्या चेहऱ्यावर उतरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इस्पितळाच्या लांब बाकावर, सिद्धू आणि बायडाच्या समोर, गोजरबाईंनी आपला हुकूम सोडला. छकुलीने सिद्धूची गाडी घ्यावी, पुण्याला जावे आणि ते औषध घेऊन यावे. छकुलीने सांगितले, की ते औषध नाही, अजून औषध झालेले नाही. उंदरांपलीकडे ते कोणाला दिलेले नाही, ते कोणत्या मात्रेत द्यायचे हे ठाऊक नाही, आणि डॉक्टर सुयोगना तिने रात्रीच विचारून पाहिले होते. त्यांनी स्वच्छ नकार दिला होता. बायडाने लेकीचे दोन्ही हात धरले आणि रडत राहिली. सिद्धू जमिनीकडे पाहत म्हणाला, की उद्या गावात लोक विचारतील, पोरीच्या हातात औषध होते आणि बापाला दिले नाही.

“आज्जी, ते बाबा-बुवाचा अंगारा न्हाय,” छकुली म्हणाली. पुण्याची भाषा तिच्या तोंडून गळून पडली होती. “चुकलं तर आप्पा हातचे जातील. आनि मग कळायचं बी न्हाय कशानं गेले.”

“आताबी हातचा चाललाय त्यो. बसून बघतियास.”

“मी बसून बघत न्हाय.”

“मग काय करतियास?” गोजरबाईंचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. “लोकांच्या बापांसाठी शिकलीस व्हय? आमी मेंढरं इकून तुला पुण्याला धाडली, ती उंदरं वाचवाया?”

हे बोलायला नको होते, असे सिद्धूच्या चेहऱ्यावर उमटले. पण ते बोलून झाले होते. छकुली उठली, ओढणी खांद्यावर घेतली आणि जिना उतरून गेली. त्या दिवशी ती परतली नाही. बायडाला तिने फोनवर एवढेच कळवले, की ती उद्या येते.

मल्हारची तब्येत त्या दिवशी ना सुधारली ना ढासळली. फुप्फुसे टिकून आहेत, रक्तदाबाचे औषध थोडे कमी करता आले, पण मूत्रपिंडे काहीच करत नाहीत, असे डॉक्टरने सांगितले. आशा आहे का, असे गोजरबाईंनी विचारले. आहे, पण मी तुम्हांला वचन देणार नाही, असे तो म्हणाला. हा माणूस वचन देत नाही म्हणून गोजरबाईंना त्याचा राग आला, आणि त्याच कारणाने त्याच्यावर विश्वासही बसला. दोन्ही गोष्टी त्यांनी मनातच ठेवल्या.

छकुली दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तिच्या हातात जनावरांच्या लशी नेतात तसला निळा बर्फाचा डबा होता. तिने आईकडे पाहिले नाही, चुलत्याकडे पाहिले नाही. आजीला तेवढी खुणेने बोलावले. इस्पितळाच्या मागे, जिथे नातेवाईक डबे उघडून जेवतात, तिथे एका करंजाच्या सावलीत दोघी बसल्या. छकुलीने डबा उघडला. आत बर्फात एक काचेची बारीक कुपी होती, करंगळीच्या पेराएवढी, आणि तिच्यात तळाशी थोडेसे पाण्यासारखे काहीतरी.

“तू म्हणालीस म्हणून आणलं,” ती म्हणाली. “कोणाला सांगितलेलं नाही. कळलं तर माझी तिथली जागा गेली. भेटायच्या वेळेला एकाच माणसाला आत सोडतात, आणि आप्पांच्या शिरेत नळी लावलेलीच आहे. मला ते जमतं. तू दे म्हण, मी देते.”

गोजरबाईंनी कुपी हातात घेतली. ती इतकी गार होती की बोटांना चटका बसल्यासारखे झाले. दोन दिवस ज्या वस्तूसाठी त्यांनी जीव टांगला होता ती हातात आली होती, आणि तिला ना रंग होता ना वास. त्यांनी नातीकडे पाहिले. पोरगी रात्रभर झोपलेली नव्हती. तिचे दोन्ही हात गुडघ्यांत दाबून धरलेले होते.

“कुनाकुनाला दिलंय हे?”

“उंदरांना.”

“त्यातलं उठलं किती?”

“निम्म्याहून जास्त.”

“आनि बाकीची?”

“मेली. ती औषध न देताही मेली असती, का औषधानं मेली, ते प्रत्येक वेळेला सांगता आलं नाही.”

“उंदराहून मोठं जनावर?”

“एकही नाही, आज्जी. उंदीर तुझ्या मुठीत मावतो. आप्पांना किती द्यायचं, हे मी पुण्याहून इथपर्यंत गाडीत बसून मांडत आले. दर वेळेला उत्तर वेगळं येतं.”

करंजाखाली कोणी भाकरी मोडत होते, कोणी फोनवर उसाच्या तोडीबद्दल भांडत होते. गोजरबाईंना सासरे आठवले.

त्या घरात नवी नवरी म्हणून आल्यावर सगळ्यात आधी त्यांना एक दंडक शिकवला गेला होता. कळप परक्या रानात नेला की तो एकदम मोकळा सोडायचा नाही. आधी एक म्हातारी मेंढी सोडायची. ती चरू द्यायची, बसू द्यायची, आणि ती रवंथ करू लागेपर्यंत बाकी सगळी मेंढरे वाघरीच्या जाळीत अडवून धरायची, मग ती कितीही भुकेली असोत. एका दुष्काळी साली, घाटाच्या अलीकडे, कापून गेलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे हिरवेगार उभे होते. कळप दोन दिवसांचा उपाशी होता. कोकरांच्या ओरडण्याने गोजरबाईंचे काळीज हलले. त्यांनी सासऱ्यांचे पाय धरले, की मामंजी, सोडा आता. सासऱ्यांनी काठी आडवी धरली ती हलवली नाही. म्हातारी मेंढी आत गेली, तिने हावरेपणाने फुटवे खाल्ले, आणि वळून कळपाकडे पाहता पाहता फुटव्यांतल्या विषाने उभ्याउभ्या कोसळली. सासऱ्यांनी तिच्या अंगावर घोंगडे घातले आणि उपाशी कळप तसाच पुढे हाकला. वाटेत काही कोकरे भुकेने मेली, तीही त्यांनी पुरली. पण कळप राहिला.

पुढे पन्नास वर्षे तो दंडक गोजरबाईंनी स्वतः पाळला. नवा चारा, नवी पेंड, सरकारी लस. जे काही आले ते आधी एकाच जनावराला. तिथे त्यांनी कधी घाई केली नव्हती, आणि कोणी केली तर खपवून घेतली नव्हती. आणि इथे, कुपी हातात घेऊन, आपण काय मागत होतो हे त्यांच्या ध्यानात आले. कळपासाठी जी सबुरी त्यांना सुचत होती ती लेकासाठी सुचली नव्हती. इथे मल्हारलाच आधी सोडायची मेंढी करायचे होते, आणि ते काम त्याच्या पोटच्या पोरीच्या हातून.

एक शंका तरीही उरत होती, आणि गोजरबाई ती टाळणाऱ्या नव्हत्या. फुटवे खाऊन मरणारे मेंढरू आणि भुकेने मरणारे मेंढरू, दोन्ही मेलेलीच. जर आग विझलीच नाही, तर ही कुपी न देता आपण काय साधले? त्यांच्यासमोर फक्त त्या पोरीचे दाबून धरलेले हात होते. ज्या हाताने मल्हारच्या जखमेत रोज भंडारा भरला, तो हातही मायेचाच होता आणि त्यालाही खालचे काही दिसत नव्हते.

त्यांनी कुपी बर्फात परत ठेवली आणि डब्याचे झाकण लावले.

“जितनं आनलीस तितं ठिवून ये.”

छकुलीला आधी कळलेच नाही. मग तिचा चेहरा बदलला. “काल तूच म्हणालीस. सगळ्यांसमोर म्हणालीस. मी रात्रभर…”

“काल मी म्हनले. आजबी मीच म्हनतीया.”

“आणि आप्पा गेले तर?”

“तर माझ्या सांगन्यानं गेला. तुझ्या हातानं न्हाय.”

छकुली तिथेच, उघड्यावर, डबा मांडीवर घेऊन रडली. गोजरबाईंनी तिला जवळ घेतले नाही, तसा त्यांचा स्वभाव नव्हता. पण त्या उठूनही गेल्या नाहीत. तिचे रडणे थांबल्यावर त्यांनी सिद्धूला बोलावले आणि पोरीला पुण्याला सोडून ये म्हणून सांगितले. का, कशासाठी, हे सिद्धूने विचारले नाही. डब्याकडे त्याचे लक्ष गेले होते.

मल्हार वाचला. हे वाक्य लिहायला सोपे आहे. प्रत्यक्षात ते बारामतीच्या त्या काचेमागे फार हळूहळू घडले. पोटरीचा बराच मांसल भाग काढावा लागला, आवाज खोल गेला, दंड काठीसारखे झाले. शुद्धीवर आल्यावर त्याने पहिल्यांदा मेंढ्यांची चौकशी केली. कातरणी पुरी झाली का, असे त्याने विचारले, तेव्हा बायडा हसली आणि हसता हसता तोंडात पदर कोंबून बाहेर गेली. मूत्रपिंडे मात्र परत आली नाहीत, म्हणून पाणीही त्याला मोजूनच प्यायचे होते. येतील, कधी कधी उशिरा येतात, असे डॉक्टर सुयोग म्हणाला, आणि या वेळीही त्याने वचन दिले नाही. उन्हाळा लागला तसा मल्हार दर दोन-तीन दिवसांनी सिद्धूच्या दुधाच्या गाडीत पुढे बसून रक्त गाळून घ्यायला बारामतीला जाऊ लागला. परतताना तो वाटेतल्या लासुर्ण्यापर्यंत झोपलेला असे.

त्या कुपीची गोष्ट छकुलीने आईला सांगितली. तिने ती सांगायला नको होती, किंवा सांगायलाच हवी होती. गोजरबाईंनी त्यावर मत दिले नाही. बायडा सासूशी भांडली नाही. त्या घरात ती पद्धत नव्हती. फक्त एके दिवशी, मल्हारला मोजून पेलाभर पाणी देऊन ती स्वयंपाकघरात आली, पेला उपडा ठेवला, आणि चुलीकडे तोंड करून म्हणाली, “आत्याबाई, येक थेंब देऊन बघितला असता, तर आज ह्यांला पानी मोजून द्यावं लागलं नसतं.”

“आसंल,” गोजरबाई म्हणाल्या.

“न्हाय म्हना की. एकदा तरी न्हाय म्हना.”

पण गोजरबाई नाही म्हणू शकल्या नाहीत. खरे काय ते त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक नसलेली गोष्ट ठामपणे सांगण्याची हौस त्यांची देवळात फिटली होती. पुढे दगडाबाईंनी त्याच देवळात, पुष्कळ बायांच्या देखत, गोड आवाजात विचारले, की छकुलीचे औषध बापाला कामी आले नाही वाटते. गोजरबाईंनी नारळ फोडून अर्धी वाटी त्यांच्या हातावर ठेवली आणि सांगितले, की औषध तयार नाही. झाले की तुम्हांलाही कळेल. दगडाबाईंना पुढे विचारायला काही उरले नाही. घरी येईपर्यंत गोजरबाईंची मान ताठ होती. देवळीतली भंडाऱ्याची डबी त्यांनी हलवली नव्हती. सणाला कपाळी लावायला ती लागतेच. मात्र त्यानंतर एका कोकराच्या पायाला काटेरी तार लागली, तेव्हा त्यांनी आधी पाय साबणाने धुतला, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, आणि उघडाच ठेवला.

चैत्राच्या यात्रेला छकुली आली. पहिल्या दिवशी ती बापाच्या बाजेशेजारीच बसून होती. दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर ती वाघरीपाशी आली. गोजरबाई जाळीचा खुंटा बसवत होत्या. कालव्याकडच्या रानात पाणी फिरल्यावर हिरवे फुटले होते आणि तिथे मेंढ्या आज प्रथमच जाणार होत्या.

“आज्जी, उंदरांचं काम पुरं झालं,” छकुली म्हणाली. “दुसऱ्या दोन ठिकाणीही करून पाहिलं, तसंच निघालं. आता मोठ्या जनावराची परवानगी मागितली आहे.”

“कंचं जनावर?”

छकुलीची नजर जाळीवरून आत गेली.

“मेंढी. तिचं काळीज, फुप्फुस माणसाच्या मापाला जवळ पडतं. आपल्यातली नाही, त्या वेगळ्या पाळलेल्या असतात.”

“तिला बी आदी आजारी पाडत्यात? मल्हारसारखं?”

“व्हय.”

गोजरबाईंचा हात खुंट्यावर थांबला. त्या घराण्यात मेंढी कापली जाई, विकली जाई, देवाला जाई. पण हातांनी तापात लोटून, तिची लघवी बंद होण्याची वाट पाहत कोणी बसले नव्हते. मल्हारचा तो श्वास त्यांच्या कानात परत आला. तो श्वास आता एखाद्या मुक्या जिवाला मुद्दाम द्यायचा, आणि त्यातून कोणा दुसऱ्या आईचा मुलगा वाचायचा, कदाचित वाचायचा. नको म्हणावे तर आपण काय हक्काने म्हणावे, आणि हो म्हणायला जीभ वळत नव्हती.

“ती पडल्यावर तिच्यापाशी कुनी असतं का?”

“मी असते.”

“मग अंगावर हात ठिवून बसत जा. कळपातनं एकलं काढलं की मेंढरू आजारापरीस भ्यानंच मरतं.”

छकुलीने मान खाली घातली आणि खुंट्याची दोरी आवळायला हात दिला.

मग गोजरबाईंनी जाळीचे तोंड वीतभर उघडले आणि कान फाटलेल्या एका म्हाताऱ्या मेंढीला तेवढे बाहेर काढले. ती संथपणे हिरव्यात शिरली आणि तिने तोंड खाली घातले. मागच्या मेंढ्या जाळीवर रेटू लागल्या, ओरडू लागल्या. ओट्यावरच्या बाजेवरून मल्हार मान उंचावून पाहत होता; त्याच्या शेजारी त्याचा मोजलेला पेला पालथा होता. गोजरबाईंनी काठी आडवी धरली. म्हातारी मेंढी चरत चरत दूर जात होती, आणि ती बसायची अजून बाकी होती.